जागा बदलली, हे ईमॅक्सला कसं कळतं?

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एखाद्या संशोधक विद्यार्थिनीचा लॅपटॉप दिवसभरात तीन-चार नेटवर्कांवर फिरतो. सकाळी संस्थेचं वायफाय असतं आणि तिथे बाहेरच्या इंटरनेटवर जायचं तर संस्थेच्या प्रॉक्सी सर्व्हरमधूनच जावं लागतं. दुपारी लोकलमध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट, म्हणजे मोजून-मापून वापरायचा डेटा. रात्री घरचं ब्रॉडबँड, तिथे प्रॉक्सी नाही, डेटाची चिंता नाही, शिवाय कपाटावर ठेवलेल्या छोट्या सर्व्हरवर बॅकअपही घेता येतो. ही विद्यार्थिनी ईमॅक्स वापरणारी असेल, तर तिचं लिहिणं, मेल, दूरच्या सर्व्हरवरच्या फायली, वेबवरून येणारे पॅकेजेस हे सगळं एकाच एडिटरमध्ये चालू असतं. आणि यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपण कोणत्या नेटवर्कवर आहोत यावर अवलंबून असते.

ईमॅक्समध्ये प्रॉक्सीची माहिती ‘यूआरएल-प्रॉक्सी-सर्व्हिसेस’ या चलात ठेवतात. सकाळी भरलेली ती माहिती रात्री घरी तशीच राहिली, तर ईमॅक्स घरातून संस्थेच्या आतल्या पत्त्यावरचा सर्व्हर शोधायला निघतो. तो सर्व्हर घरून दिसत नाही. उत्तर येत नाही, नकारही येत नाही, नुसती वाट पाहणं उरतं. ईमॅक्सची बरीच कामं एका वेळी एकच अशा रीतीनं चालतात, त्यामुळे कधीकधी या वाट पाहण्यात सगळा एडिटर थिजून जातो, लिहीत असलेला परिच्छेदसुद्धा पुढे सरकत नाही. नेटवर्क ओळखण्याची खटपट करायची ती यासाठी. एडिटरमध्येच एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, त्यानं जागा ओळखायची आणि त्या जागेला साजेशा सेटिंग्ज लावायच्या.

एडिटरच्या पोटात प्रोग्रॅमिंगची भाषा असावी, ही कल्पना पन्नास वर्षांच्या घरातली आहे. १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ‘टेको’ नावाच्या एडिटरसाठी लिहिलेल्या मॅक्रोंचा संच एकत्र केला आणि त्यातून ईमॅक्स उभा राहिला. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्सची नवी आवृत्ती लिस्प भाषेत लिहिली. एडिटरला वळण लावण्यासाठी पूर्ण ताकदीची भाषा किती उपयोगी पडते, हे तिथे ठसठशीतपणे दिसलं. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांसमोर आला, तोही लिस्पवरच उभा आहे. वापरणाऱ्यानं स्वतःची एक इनिट फाइल लिहायची आणि एडिटर उघडताना ती वाचली जाऊन सगळं आपल्या मनासारखं व्हायचं, ही प्रथा तिथली.

त्या काळातल्या इनिट फायलींत ‘सिस्टिम-नेम’ या फंक्शनवर बेतलेली अट बऱ्याचदा आढळते. मशीनचं नाव अमुक असेल तर हा प्रिंटर, तमुक असेल तर तो. एवढं पुरायचं, कारण मशीन जागचं हलत नव्हतं. खोलीभर पसरलेला संगणक किंवा टेबलावर बोल्टनं बसवल्यासारखा वर्कस्टेशन, दोन्हींच्या बाबतीत मशीनचं नाव कळलं की इमारत, मजला, नेटवर्क सगळं कळलं. लॅपटॉपनं ही सांगड मोडली. नाव मशीनबरोबर फिरू लागलं आणि ‘मी कोण’ या प्रश्नाच्या उत्तरातून ‘मी कुठे’ हे कळेनासं झालं. आजही अनेकांच्या इनिट फायलींत ती जुनी अट तशीच असते आणि घरच्या लॅपटॉपला ती कायम घरीच असल्याचं सांगत राहते.

मग ‘मी कुठे’ हे विचारायचं कोणाला? पहिला साक्षीदार ईमॅक्सच्या आतच आहे. ‘नेटवर्क-इंटरफेस-लिस्ट’ हे फंक्शन चालवलं की मशीनवरच्या नेटवर्क-जोडण्यांची यादी हातात येते. तिचं रूप साधारण असं:

((“लो” . [१२७ ० ० १ ०]) (“डब्ल्यूएलपी३एस०” . [१९२ १६८ १ ७ ०]))

प्रत्येक कंसात आधी जोडणीचं नाव, मग तिचा आयपी पत्ता. पत्त्याचे भाग चार असायला हवेत, मग पाचवा शून्य कसला? ईमॅक्स पत्ता आणि पोर्ट एकाच सदिशात ठेवतो आणि इथे पोर्ट नाही म्हणून शून्य. माणसाला वाचता येईल असा पत्ता हवा असेल तर ‘फॉरमॅट-नेटवर्क-ॲड्रेस’ला हा सदिश द्यायचा आणि पोर्ट गाळायला सांगायचं. ‘लो’ म्हणजे लूपबॅक, मशीननं स्वतःशीच बोलण्याची वाट. ती प्रत्येक मशीनवर असते, तेव्हा ती सोडून द्यायची. दुसरं नाव विचित्र दिसतं, पण त्यात अर्थ आहे. लिनक्सवर पूर्वी या जोडणीला ‘डब्ल्यूलॅन०’ म्हणत. २०१३ पासून सिस्टिमडी या लिनक्सच्या व्यवस्थापक प्रोग्रॅमनं कार्ड मशीनमध्ये कुठे बसवलं आहे यावरून नावं द्यायला सुरुवात केली. ‘डब्ल्यूएल’ म्हणजे बिनतारी, पुढचे आकडे म्हणजे तिसऱ्या बसवरचा शून्यावा स्लॉट. म्हणून दुसऱ्याच्या इनिट फाइलमधून उचललेली ‘डब्ल्यूलॅन०’वरची अट आपल्या मशीनवर मुकाट्यानं खोटी ठरते. जोडणीच्या नावावर विसंबू नये, हा धडा इथेच घ्यावा.

‘नेटवर्क-इंटरफेस-लिस्ट’चं भावंड असलेलं ‘नेटवर्क-इंटरफेस-इन्फो’ एका जोडणीची जास्त माहिती देतं: पत्ता, ब्रॉडकास्ट पत्ता, नेटमास्क, हार्डवेअर पत्ता आणि जोडणी सुरू आहे की नाही हे सांगणारे झेंडे. त्यातला हार्डवेअर पत्ता पाहून कित्येकांना नेटवर्कची ओळख सापडल्यासारखं वाटतं. तो पत्ता मात्र आपल्याच कार्डाचा असतो, समोरच्या नेटवर्कबद्दल तो अवाक्षर बोलत नाही.

आता आयपी पत्ता. सोपी युक्ती अशी की पत्त्याची सुरुवात पाहायची: १० नं सुरू होत असेल तर संस्था, १९२.१६८ नं होत असेल तर घर. ही युक्ती चालते, आणि अचानक चालेनाशी होते. का, ते समजायला फेब्रुवारी १९९६ मधल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाकडे जावं लागतं. जगात आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते जेमतेम ४३० कोटींच्या आसपास. प्रत्येक मशीनला एक दिला तर ते पुरणार नाहीत, हे तेव्हाच दिसत होतं. म्हणून तीन पट्टे खासगी वापरासाठी बाजूला काढले: १० नं सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ मधले १०,४८,५७६ आणि १९२.१६८ चे ६५,५३६. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता आपल्या आवारात वापरावेत, फक्त बाहेरच्या इंटरनेटवर नेऊ नयेत. मुंबईतल्या प्रत्येक चाळीत सात नंबरची खोली असते, तसा १९२.१६८.१.७ हा पत्ता लाखो घरांत, दवाखान्यांत आणि चहाच्या दुकानांत एकाच वेळी नांदत असतो. त्यावरून ‘घर’ असा निष्कर्ष काढणारी स्क्रिप्ट शेजारच्या कॅफेतही आपण घरीच आहोत असं मानेल आणि तिथल्या वायफायवर बॅकअप सर्व्हर शोधू लागेल.

तरीही या साक्षीदाराला मी कमी लेखणार नाही. मोठ्या संस्थांची जाळी १० च्या पट्ट्यात नीट आखलेली असतात, विभागाला विभागाचा तुकडा दिलेला असतो. प्रयोगशाळेचा तुकडा पहिल्या तीन आकड्यांपर्यंत माहीत असेल, तर योगायोगानं तोच तुकडा दुसरीकडे भेटण्याची शक्यता १९२.१६८.१ च्या मानानं फार कमी. हॉटस्पॉटही पत्त्यावरून ओळखू येतात. आयफोननं हॉटस्पॉट चालू केला की तो १७२.२०.१० नं सुरू होणारे पत्ते वाटतो आणि स्वतः १७२.२०.१०.१ वर बसतो. घरच्या राउटरवर हा तुकडा क्वचितच दिसतो. अँड्रॉइड फोन वर्षानुवर्षं १९२.१६८.४३ वापरत आले, नव्या आवृत्त्यांत हा आकडा बदलता ठेवला आहे. आयफोनवाल्यांना तरी एका ओळीच्या अटीत कळतं की आता मोजका डेटा आहे, पॅकेजेसची यादी ताजी करायचं पुढे ढकला. उलट काही जोडण्या गोंधळ घालायलाच बसलेल्या असतात. डॉकर बसवलेल्या मशीनवर १७२.१७.०.१ हा पत्ता कायम दिसतो, वायफाय बंद असलं तरी. ‘यादीत काहीतरी पत्ता आहे म्हणजे नेटवर्क आहे’ ही अट डॉकरपुढे हमखास फसते. व्हीपीएन चालू असेल तर ‘ट्यून०’सारखी आणखी एक जोडणी उगवते आणि घरी बसलेल्या मशीनला संस्थेचा पत्ता मिळतो. या वेळी उत्तर काय द्यायचं, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. प्रॉक्सीपुरतं पाहिलं तर मशीन बहुधा संस्थेत आहे, प्रिंटरपुरतं पाहिलं तर ते घरी आहे.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत ही गर्दी नाही. तिथे सामान्यतः पत्त्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे ६४ बिट्स, नेटवर्क सांगतो आणि जागतिक पत्ता असेल तर तो भाग जगात एकमेव असतो. भारतात मोबाइल कंपन्यांमुळे ही आवृत्ती मोठ्या प्रमाणावर वापरात आहे आणि ईमॅक्सची नवी रूपं तिचे पत्तेही यादीत देतात. संस्थेला स्वतःचा कायमचा पट्टा मिळालेला असेल तर यासारखी चांगली खूण नाही. घरगुती जोडणीत मात्र सेवा देणारी कंपनी हा भाग अधूनमधून बदलते, त्यामुळे आज लिहिलेली अट महिन्याभरानं शिळी होऊ शकते.

दुसरा साक्षीदार म्हणजे वायफायचं नाव, एसएसआयडी. माणूस नेटवर्क ओळखतो ते याच नावानं, म्हणून स्क्रिप्टमध्येही पहिली ओढ त्याकडेच असते. ईमॅक्सला हे नाव स्वतःहून कळत नाही, त्यासाठी बाहेरच्या प्रोग्रॅमला हाक मारावी लागते. लिनक्सवर ‘आयडब्ल्यूगेटआयडी’ किंवा नेटवर्कमॅनेजरचा ‘एनएमसीएलआय’, विंडोजवर ‘नेटएसएच’. ‘शेल-कमांड-टू-स्ट्रिंग’ या फंक्शननं आज्ञा चालवायची, आलेल्या मजकुरातून नाव वेचायचं. मजकूर वेचणं हे तर एडिटरचं जन्मजात काम, त्यामुळे हा भाग इथे दुसऱ्या कुठल्याही भाषेपेक्षा सुखाचा होतो. मराठी नावं ठेवणाऱ्यांसाठी एक तपशील: एसएसआयडीला जास्तीत जास्त ३२ बाइट्स मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट्स खातं. ‘आमचं घर’ १९ बाइट्समध्ये बसतं. ‘पाटलांचा वायफाय’ला ४३ लागतात, ते बसत नाही. आणि बसलेलं नावही बाहेरचा प्रोग्रॅम कधी सरळ देतो, कधी हेक्साडेसिमल सांकेतिक रूपात. तेव्हा तुलना करण्याआधी आपल्या मशीनवर प्रत्यक्ष काय हाती येतं ते ‘मेसेजेस’ बफरमध्ये छापून पाहावं.

गेल्या काही वर्षांत या वाटेवर पहारा बसला आहे. अँड्रॉइडनं, आयफोननं आणि पाठोपाठ मॅकओएस व विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांनी वायफायचं नाव वाचण्यासाठी ठिकाणाची, म्हणजे लोकेशनची, परवानगी मागायला सुरुवात केली. कारण खरं आहे. जगभरच्या वायफाय राउटरांची ठिकाणं नोंदवलेले प्रचंड संग्रह आहेत. ‘विगल’ हा हौशी लोकांनी उभा केलेला संग्रह २००१ पासून वाढतो आहे, आणि फोनला उपग्रहाशिवाय जागा कळते ती मोठ्या कंपन्यांच्या अशाच संग्रहांमुळे. आसपासच्या राउटरांची ओळख पटली की माणूस कोणत्या गल्लीत आहे ते कळतं. एखाद्या किरकोळ ॲपला हे न विचारता कळावं, हे योग्य नव्हतंच. पण त्याचा परिणाम म्हणून आपल्याच मशीनवर, आपण स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टलाही रिकामं उत्तर मिळू लागलं. मॅकवर वर्षानुवर्षं चाललेली स्क्रिप्ट एका अपडेटनंतर अचानक मुकी झाली, तर चूक लिस्पमध्ये शोधत बसू नये; आधी परवानग्यांचं पान उघडावं.

तिसरा साक्षीदार मला सर्वांत भरवशाचा वाटतो: समोरच्या राउटरचा हार्डवेअर पत्ता, ज्याला तंत्रज्ञ मॅक ॲड्रेस म्हणतात. आपलं मशीन बाहेरच्या जगाशी बोलतं ते एका दारातून, गेटवेतून. त्या गेटवेचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१ असा सर्वसामान्य असू शकतो, पण ते यंत्र तयार होताना त्याला दिलेला ४८ बिट्सचा हार्डवेअर पत्ता निराळा असतो. आयपी पत्त्यावरून हार्डवेअर पत्ता शोधण्याची रीत, एआरपी, नोव्हेंबर १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी मांडली आणि घराघरांतली जाळी अजून तिच्यावरच चालतात. मशीनला ही माहिती पाकीट पाठवण्यासाठी लागतेच. ती तयारच असते, स्क्रिप्टनं फक्त वाचायची.

ही कल्पना माझी नव्हे. मार्च २००६ मध्ये आलेला आरएफसी ४४३६ नेमका याच प्रश्नावर आहे: लॅपटॉप झोपेतून जागा झाला किंवा तार काढून पुन्हा जोडली, तर आपण पूर्वीच्याच नेटवर्कवर आहोत की नव्या, हे झटपट कसं ओळखायचं? बर्नार्ड अबोबा, जेम्स कार्लसन आणि स्टुअर्ट चेशायर यांनी दिलेलं उत्तर सुरेख आहे. पूर्वीच्या नेटवर्कवरच्या राउटरचा आयपी आणि हार्डवेअर पत्ता दोन्ही जपून ठेवायचे. जोडणी पुन्हा मिळाली की त्या नेमक्या हार्डवेअर पत्त्यालाच एआरपीचा प्रश्न पाठवायचा. दोन्ही खुणा जुळणारं उत्तर आलं तर आपण जुन्याच जागी आहोत, नवा पत्ता मागण्यात वेळ घालवायची गरज नाही. दुसरीकडे योगायोगानं तोच आयपी असला तरी हार्डवेअर पत्ता जुळणार नाही. विंडोज नेटवर्कांची जी यादी मनात ठेवतं, ज्यावरून ‘हे खासगी, हे सार्वजनिक’ असं त्याला आठवतं, त्या नोंदीतही गेटवेचा हार्डवेअर पत्ता असतो.

लिनक्सवर ईमॅक्सला यासाठी बाहेरचा कोणताही प्रोग्रॅम चालवावा लागत नाही, आणि ही गोष्ट मला फार आवडते. कर्नल आपली माहिती ‘प्रॉक’ नावाच्या निर्देशिकेत फायलींच्या रूपात मांडून ठेवतं, आणि फाइल वाचणं ईमॅक्सला शिकवावं लागत नाही. ‘प्रॉक-नेट-रूट’ ही फाइल एका तात्पुरत्या बफरमध्ये ओतायची. ज्या ओळीत गंतव्य सगळं शून्य आहे, ती बाहेरच्या जगाची वाट. त्याच ओळीत गेटवे असतो, पण हेक्साडेसिमल आकड्यांत आणि उलट्या क्रमानं: ०१०१ए८सी०. दोन-दोन अंकांचे तुकडे पाडून मागून वाचलं की सी० म्हणजे १९२, ए८ म्हणजे १६८, मग १ आणि १. हा उलटा क्रम नेहमीच्या इंटेल किंवा एआरएम प्रोसेसरवरचा; तिथे संख्येचा लहान भाग आधी ठेवतात. गेटवेचा पत्ता हाती आला की ‘प्रॉक-नेट-एआरपी’ उघडायची, तो पत्ता असलेली ओळ शोधायची आणि त्यातला हार्डवेअर पत्ता उचलायचा. दोन फायली, दोन शोध, पंधरा-वीस ओळींचं लिस्प. नेटवर्कवर एकही पाकीट जात नाही, काही थिजत नाही.

जोडणी नुकतीच झाली असेल तर एआरपीच्या फाइलमध्ये ओळ अजून नसते किंवा हार्डवेअर पत्त्याच्या जागी सगळी शून्यं असतात. अशा वेळी ‘माहीत नाही’ म्हणून परत जायचं आणि दोन सेकंदांनी पुन्हा पाहायचं. घरचा राउटर बदलला की पत्ता बदलणार, म्हणून स्क्रिप्टमध्ये एका जागेसाठी एकच पत्ता न ठेवता यादी ठेवावी. एक अपवाद मात्र मोठ्या संस्थांतल्या लोकांनी ओळखून ठेवावा. तिथे एक राउटर बंद पडला तर दुसऱ्यानं जागा घ्यावी म्हणून दोघे मिळून एक काल्पनिक गेटवे चालवतात. व्हीआरआरपी या पद्धतीत त्या काल्पनिक गेटवेचा हार्डवेअर पत्ता ठरलेला असतो: ००-००-५ई-००-०१, आणि शेवटी गटाचा क्रमांक. गट क्रमांक १ दोन वेगळ्या संस्थांत असला की हार्डवेअर पत्ता तोच. म्हणून हार्डवेअर पत्ता आणि गेटवेचा आयपी पत्ता अशी जोडीच तपासावी. आरएफसी ४४३६ नंही जोडीच धरली आहे.

ओळख पटवण्याची रीत ठरली, आता विचारायचं कधी? सर्वांत साधं म्हणजे ‘रन-विथ-टायमर’ लावून दर मिनिटाला विचारणं. चालतं, पण बॅटरीवर असलेल्या मशीनला उगाच जागं ठेवतं. त्यापेक्षा ‘आफ्टर-फोकस-चेंज-फंक्शन’वर टांगावं: माणूस दुसऱ्या खिडकीतून ईमॅक्सकडे परतला की एकदा तपास. लॅपटॉप बंद करून दुसरीकडे उघडणारा माणूस असाच परततो. लिनक्सवर याहून नेटकी सोय आहे. २००९ मध्ये आलेल्या २३ व्या आवृत्तीपासून ईमॅक्सला डी-बस ही प्रणालीतली निरोपांची व्यवस्था समजते. ‘डीबस-रजिस्टर-सिग्नल’नं नेटवर्कमॅनेजरचे निरोप ऐकायला बसलं की जोडणीची अवस्था बदलल्याक्षणी आपलं फंक्शन चालतं, तोवर काहीच खर्च नाही. बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचाच असेल तर ‘मेक-प्रोसेस’नं पार्श्वभूमीला सोडावा आणि तो संपल्यावर सेंटिनेल फंक्शननं उत्तर उचलावं. व्हिमवाल्यांनाही हे लागू आहे: तिथे ‘सिस्टिम’ फंक्शन एडिटरला खोळंबून ठेवतं, २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून आलेले जॉब्ज ठेवत नाहीत.

फंक्शन कितीही वेळा चालो, कृती मात्र बदल झाला तरच व्हायला हवी. मागच्या वेळचं उत्तर एका चलात ठेवायचं, नवं उत्तर त्याच्याशी ताडायचं, वेगळं असेल तरच स्वतःचा एक हुक, म्हणजे ठरलेल्या क्षणी चालवायच्या फंक्शनांची यादी, चालवायचा. प्रॉक्सी बदलणं, मेलचा सर्व्हर बदलणं ही कामं त्या हुकावर अडकवायची. त्यातलं एक काम हमखास विसरलं जातं. ट्रॅम्प या ईमॅक्सच्या सोयीनं दूरच्या सर्व्हरवरची फाइल उघडलेली असते, मागे एसएसएचची जोडणी चालू असते. नेटवर्क बदललं की ती मरते, पण ईमॅक्सला ते कळत नाही. पुढच्या वेळी फाइल जतन करायला जावं तर एडिटर गोठतो. म्हणून जागा बदलल्याचं कळताच ‘ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स’ चालवावं. ट्रॅम्प पुढच्या वेळी नवी जोडणी उघडतो. या एका ओळीसाठीसुद्धा सगळी खटपट सार्थकी लागते, असं मला वाटतं.

नेटवर्क ओळखलं म्हणजे इंटरनेट मिळालं, असं मात्र नाही. जानेवारी २०१६ मध्ये गुगल आणि रेलटेलनं मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू केलं, पुढे ते देशभरच्या शेकडो स्थानकांवर गेलं. गुगल २०२० मध्ये त्यातून बाहेर पडलं, रेलटेलची सेवा राहिली. अशा वायफायला जोडलं की पत्ता मिळतो, गेटवे मिळतो, सगळं हिरवं दिसतं. पण पहिलं पान मागितलं की मोबाइल क्रमांक विचारणारं पान समोर येतं. माणूस ते पाहतो आणि ओटीपी भरतो. ईमॅक्समधलं पॅकेज उतरवणारं फंक्शन ते पान पाहून गोंधळतं, त्याला अपेक्षित यादीऐवजी वेबपानाचा मजकूर मिळतो. यावरचा उपाय ब्राउझर आणि फोन रोज वापरतात. अँड्रॉइड गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विनंती करतं आणि उत्तरात ‘२०४’ हा संकेत, म्हणजे मजकूर नाही, असा येण्याची अपेक्षा धरतं. दुसरं काहीही आलं तर मध्ये कोणीतरी उभं आहे. विंडोज एक छोटी मजकूर-फाइल मागवतं आणि तिच्यातले ठरलेले शब्द जुळतात का पाहतं. ‘यूआरएल-रिट्रीव्ह’नं हीच तपासणी चार-पाच ओळींत होते. विनंती साध्या एचटीटीपीनं करायची, कारण सुरक्षित जोडणीत मध्ये उभा असलेला दरवान आपलं पान दाखवूच शकत नाही.

इथपर्यंतचे सगळे साक्षीदार सोयीसाठी ठीक आहेत. त्यांच्या शब्दावर काहीतरी सुरक्षित आहे असं मानू नये, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. वायफायला कोणीही कोणतंही नाव देऊ शकतं. तुमच्या घरच्या नावाचा राउटर तुमच्या बाजूच्या टेबलावर चालू करता येतो. हार्डवेअर पत्ताही बदलता येतो, त्याला सही नसते. तेव्हा ‘घरचं नेटवर्क दिसतं आहे म्हणून पासवर्ड उघडा पाठवा’ किंवा ‘प्रमाणपत्र तपासू नका’ असली अट स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे सर्व्हरनंच सिद्ध करायचं: एसएसएचमध्ये त्याच्या किल्लीनं, वेबवर त्याच्या प्रमाणपत्रानं. २५ व्या आवृत्तीपासून ईमॅक्सकडे नेटवर्क सिक्युरिटी मॅनेजर आहे. त्याची पातळी ‘नेटवर्क-सिक्युरिटी-लेव्हल’ या चलात असते, ती जागेनुसार खाली आणू नये. बॅकअप सर्व्हरची किल्ली आधीच नोंदवलेली असेल, तर नेटवर्क ओळखण्यातली चूक फार तर एक फसलेला प्रयत्न ठरते.

म्हणून साक्षीदार निवडताना मी आधी चुकीची किंमत पाहतो. प्रॉक्सी चुकली तर दहा सेकंद वाया जातील, तिथे पत्त्याची सुरुवात पाहणं पुरे. मोबाइलच्या डेटावर दोन जीबीचा बॅकअप सुरू झाला तर पैसे जातील, तिथे गेटवेची जोडी हवी. आणि कोणतीच खूण जुळली नाही, तर ‘अनोळखी’ हे पूर्ण मान्य उत्तर आहे. ते चुकवायला स्क्रिप्टला जबरदस्तीनं घर किंवा संस्था यांत ढकलू नये. अनोळखी जागी प्रॉक्सी नाही, बॅकअप नाही, ‘एसएमटीपीमेल-क्यू-मेल’ चालू, म्हणजे लिहिलेली पत्रं रांगेत थांबतील आणि ओळखीच्या जागी पोचल्यावर ‘एसएमटीपीमेल-सेंड-क्यूड-मेल’नं एकदम निघतील. जे उत्तर निघालं ते खिडकीच्या तळाशी असणाऱ्या मोड लाइनवर दिसू द्यावं: घर, संस्था, हॉटस्पॉट, अनोळखी. माणसाला ते चुकीचं वाटलं तर एका कळीनं बदलण्याची आज्ञा ठेवावी. त्या हातानं दिलेल्या उत्तरासोबत त्या वेळची गेटवेची जोडी नोंदवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा स्क्रिप्ट स्वतः ओळखेल, आणि ती जोडी बदलताच हातानं दिलेलं उत्तर आपोआप रद्द होईल.